वाळवणाच्या वेळचा वर्ग

22 मार्च 2020, रविवार, संध्याकाळचे पाच. जनता कर्फ्यूचा दिवस. रायपूरच्या तात्यापाऱ्यातली झाडून सगळी माणसं गच्चीवर होती आणि थाळ्या, पराती, कुणाची पूजेतली घंटा, एका घरी तर कुकरचं झाकण, जे हाताला लागेल ते वाजत होतं. मीही पितळी ताट आणि पळी घेऊन उभी होते. वाजवता वाजवता माझं लक्ष दोन घरं सोडून पलीकडच्या गच्चीवरच्या काकूंकडे गेलं. या काकू माझ्या व्यायामाच्या वर्गाला चार वर्षं येत होत्या आणि चार वर्षांत त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर गेला नव्हता. "अवघडतो हो ताई," हे ठरलेलं. त्या संध्याकाळी त्यांनी थाळी डोक्याच्याही वर धरली होती आणि दंड चक्क कानाला टेकला होता. मी ताट खाली ठेवून ओरडले, "काकू, तस्साच ठेवा!" त्या गोंगाटात त्यांना काय ऐकू जाणार!

माझा वर्ग त्याच्या तीन-चार दिवस आधीच बंद झाला होता. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात छत्तीसगडातला पहिला रुग्ण रायपुरात, आमच्यापासून फार लांब नसलेल्या वस्तीत सापडला आणि ज्या दालनात वर्ग भरायचा त्याच्या मालकांनी कुलूप लावलं. बायका म्हणाल्या, होळीची सुट्टी जरा लांबली म्हणायची. मलाही तसंच वाटलं होतं.

तात्यापारा हे नावच सांगतं की इथे मराठी माणूस जुना आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर आला त्या काळापासून इथे आपली माणसं येत राहिली. मी मात्र अमरावतीहून लग्न होऊन आलेली. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयात शिकले. 1914 साली वैद्य बंधूंनी सुरू केलेलं ते मंडळ, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलेलं. तिथे आमच्या मनावर एकच गोष्ट बिंबवली गेली होती, की व्यायाम मैदानावर होतो. माती लागली पाहिजे. रायपुरात येऊन शाळेत खेळाची बाई झाले, नोकरी सोडल्यावर बायकांचा वर्ग सुरू केला, तेव्हा मैदानाचं दालन झालं आणि मातीची कडाप्प्याची फरशी. एवढी तडजोड मी केली होती. याहून खाली उतरावं लागेल असं वाटलं नव्हतं.

बावीस बायका. सगळ्यात लहान पस्तिशीची, सगळ्यात मोठ्या आजी एकाहत्तरच्या. बहुतेक मराठी, तीन छत्तीसगढी, एक गुजराती. वेळ दुपारी चार ते पाच. ही वेळ मी ठरवली नव्हती, त्यांनी ठरवली होती. साडेतीनला भांडी आवरतात, साडेपाचला माणसं घरी यायला लागतात. मधला तास रिकामा. त्यातही सूर्यनमस्कार सहा व्हायचे आणि गप्पा पंधरा मिनिटं. मी रागवायचे. आता लाज वाटते त्याची.

एप्रिलमध्ये माझ्या मुलाने मला झूम लावून दिलं. फुकटातली बैठक चाळीस मिनिटांत आपोआप बंद पडायची, तेवढं पुरे होतं. पहिल्या दिवशी अठरा जणी आल्या. पडद्यावर मला दिसले अठरा पंखे, कारण प्रत्येकीने फोन जमिनीवर उताणा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी चौदा, आठवड्याने सहा. मी नेटवर्कला दोष दिला, वयाला दिला, बायकांच्या आळसालाही दिला. त्यातच 7 एप्रिलला राज्य सरकारची 'पढई तुंहर दुआर' ही ऑनलाइन शाळा सुरू झाली आणि फोन नातवंडांच्या हातात गेले. मला कारण सापडल्यासारखं वाटलं.

खरं कारण मला एका वहिनींच्या घरी कळलं, म्हणजे त्यांच्या घरातून, पडद्यावर. त्या बिचाऱ्या नेमाने यायच्या. ताडासनात उभ्या होत्या, हात वर, टाचा उचललेल्या. मागून आवाज आला, "अगं, आलं कुठे ठेवलंय?" त्यांनी टाचा न टेकता सांगितलं, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. "नाहीये इथे." टाचा टेकल्या. मग सासूबाई म्हणाल्या, चहा होतोच आहे तर थोडे पोहे टाक. वहिनी पडद्यातून बाहेर गेल्या आणि पुढची पंचवीस मिनिटं मी त्यांच्या पिवळ्या भिंतीवरच्या कॅलेंडरला व्यायाम शिकवला. शेवटी त्या परत आल्या, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सॉरी ताई, आज सगळे घरीच आहेत ना." आज! सगळे तर महिनाभर घरीच होते.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चार ते पाच हा तास व्यायामाचा नव्हताच. तो चपला घालून दाराबाहेर पडायचा तास होता. त्यात थोडा व्यायामही व्हायचा. घरातली बाई घरात असेपर्यंत कामावर असते. तिने सतरंजी अंथरली काय आणि पदर खोचला काय, हाक मारणाऱ्याला ती उपलब्धच दिसते. टाळेबंदीने पुरुषांचा बाजार बंद केला, जिम बंद केली. बायकांचं दार बंद केलं. त्या वर्षी 21 जूनच्या योग दिनाची घोषणा होती, घरी योग आणि कुटुंबासोबत योग. घोषणा करणाऱ्याच्या घरी त्या वेळी चहा कोण करत होतं, हे विचारायची मला फार इच्छा होती.

त्यातून कामवाल्या बंद. झाडू-पोछा, भांडी, कपडे, सगळं अंगावर आलं. आमच्या गटावर कुणीतरी लिहिलं, आता वेगळा व्यायाम कशाला, पोछा आहे ना! पंधरा दिवसांत निम्म्या जणींची कंबर धरली. मग मी तेच शिकवायला घेतलं. वाकून पोछा मारू नका, उकिडवं बसा, एक गुडघा पुढे, पाण्याची बादली दोन्ही हातांनी आणि पोटाजवळ धरून उचला. व्हिडिओ केले तीन-तीन मिनिटांचे. माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त पाहिला गेलेला धडा म्हणजे 'बादली कशी उचलावी'. अमरावतीच्या माझ्या सरांनी पाहिला असता तर काय म्हणाले असते कोण जाणे.

आमच्याकडे काम करणारी बाई गुढियारीहून यायची. पगार चालू होता, पण जूनपर्यंत येणं नव्हतं. परत आली तेव्हा पहिल्याच दिवशी पायऱ्यांवर टेकली आणि म्हणाली, "बइठे-बइठे गोड़ अकड़ गे, दीदी." रोज येऊन-जाऊन सहा-सात किलोमीटर चालणारी, पाच घरची फरशी पुसणारी बाई. तिच्या चालण्याला व्यायाम म्हणायचं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं, माझ्याही नाही. मी तिला गुडघ्याचे दोन प्रकार दाखवले. तिने हसून केले आणि कामाला लागली.

आता गच्चीबद्दल. हे मी सुचवलं असं सगळ्यांना सांगते, पण सुचलं ते थाळीवाल्या काकूंना. एप्रिलच्या मध्यावर त्यांनी फोन केला, "ताई, उद्या पहाटे मी कुरडया घालायला वर जाणार आहे. तुम्ही पण या की तुमच्या गच्चीवर. तिथूनच दाखवा काहीतरी." कुरडया ही पहाटेचीच गोष्ट. गहू तीन दिवस भिजवलेले, चीक काढून निवळत ठेवलेला, तो उजाडायच्या आत शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्याने घालून मोकळं व्हायचं. त्या वेळी बाईच्या मागे गच्चीवर कुणी येत नाही. आलं तर कामाला लावतात, ही भीती घरातल्या सगळ्यांना असते.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी वर गेले. आमच्या पाऱ्यातली जुनी घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. कठड्यावरून हात लांब केला तर शेजारणीची वाटी घेता येते. काकू होत्या, त्यांच्या पलीकडे पोह्यांच्या वहिनी होत्या, मागच्या बाजूला गुजराती भाभी. चौघी. तीन दिवसांनी सात झाल्या, कारण माझ्या गच्चीवरून दिसतील अशा सातच घरच्या होत्या. चौबे कॉलनीतल्या आणि सुंदरनगरातल्या बिचाऱ्या फोनवरच राहिल्या.

अडचण अशी की पहाटे साडेपाचला ओरडायचं कसं? शिट्टी वाजवली असती तर पाऱ्यातली कुत्री आणि नवरे एकदमच उठले असते. मग मी ह्यांचा पांढरा पंचा घेतला. पंचा वर म्हणजे हात वर. पंचा आडवा ताणला की कमरेतून वळायचं. खाली सोडला की श्वास सोडायचा. खांद्यावर टाकला म्हणजे संपलं, घरी जा. पुरेशा अंधारात तो पंचा तेवढा दिसायचा, माझा चेहरा दिसत नसे. वर्गातल्या गप्पा बंद झाल्या, अर्थात. पण कुणी मध्येच निघूनही गेलं नाही. मी इतकी वर्षं तोंडाने शिकवत होते, त्यापेक्षा त्या पंच्याने त्यांना जास्त शिकवलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

कुरडया झाल्या, मग साबुदाण्याच्या पापड्या, मग बटाट्याचा कीस, सांडगे, भरल्या मिरच्या. वर जायला रोज काहीतरी निमित्त हवं होतं. मे महिन्यात रायपूरचा पारा चव्वेचाळीसच्या आसपास खेळतो, सकाळी आठला गच्चीवर पाय टेकवत नाही, त्यामुळे वाळवण उत्तम वाळलं. त्या उन्हाळ्यात आमच्या पाऱ्यात झालं तेवढं वाळवण कधी झालं नसेल. पोह्यांच्या वहिनींचे यजमान मला नंतर म्हणाले, "या वर्षी हिला पापड्यांचं वेडच लागलं होतं." मी हो म्हटलं. आमच्याकडे त्या पापड्या 2022 च्या संक्रांतीपर्यंत पुरल्या.

संध्याकाळची गच्ची पुरुषांची. ज्यांना मी पंधरा वर्षांत घरापासून पानठेल्याच्या पुढे चालताना पाहिलं नव्हतं, ते गच्चीवर टाकीला प्रदक्षिणा घालू लागले. हातात फोन आणि फोनवर पावलं. चालणं कमी झाल्याचा धसका जगभरच होता, आणि तो खोटा नव्हता. जगातल्या साडेचार लाख फोनधारकांच्या पावलांचा हिशेब त्याच वर्षी 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. महामारी जाहीर झाल्यापासून तीस दिवसांत माणसं सरासरी सत्तावीस टक्के कमी चालू लागली होती. हे आपल्या लक्षातही येत नाही. भाजी आणायला, स्टँडवरून घरी यायला, बँकेच्या रांगेत, शेजारी सत्यनारायणाला जाताना जी पावलं पडतात ती कोण मोजतं? ती गेली तेव्हा कळलं की होती.

मग आमच्याही गटावर पावलांची स्पर्धा सुरू झाली. रोज रात्री आकडे पडायचे. मे महिन्यात एका सकाळी मी ह्यांच्याबरोबर टाटीबंधला गेले. ह्यांच्या मित्रमंडळींनी तिथे जेवण आणि चपला द्यायची सोय केली होती. त्या चौकात महाराष्ट्राकडून झारखंड, ओडिशा, बंगालकडे निघालेली माणसं येत होती, ट्रकवर, सायकलींवर आणि पायी. मी पायाला मलम लावायला बसले. नागपूर ते रायपूर जवळजवळ तीनशे किलोमीटर. एका पोराच्या तळव्याची कातडी टाचेपासून सुटून मोज्यासारखी लोंबत होती. वय विचारलं तर एकोणीस म्हणाला. अजून किती जायचंय विचारलं नाही. घरी येऊन मी गटावर लिहिलं, पावलांची स्पर्धा बंद. कारण लिहिलं नाही. दोन दिवसांनी बायकांनी मला न विचारता ती परत सुरू केली. मला आधी राग आला. नंतर वाटलं, त्यांनी माझ्या मनाच्या समाधानासाठी का थांबावं?

5 ऑगस्टपासून देशभर जिम आणि योगवर्ग उघडायला परवानगी मिळाली. रायपुरात 22 जुलैपासून पुन्हा टाळेबंदी चालू होती, ती सुटेपर्यंत थांबावं लागलं, आणि सप्टेंबरात 21 तारखेपासून परत आठवडाभर बंद. या उघडझापीत लोकांनी सायकली घेतल्या. मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत देशात जवळपास बेचाळीस लाख सायकली विकल्या गेल्या. आमच्या गल्लीत चार आल्या. पहाटे तेलीबांधा तलावाभोवती, ज्याला आमची मुलं मरीन ड्राइव्ह म्हणतात, हेल्मेटवाल्यांची रांग दिसायची. आज त्या चारांपैकी एक चालते. एकीवर छत्र्या अडकवतात.

आणि मग 2021 चा एप्रिल. मार्चमध्ये नव्या रायपूरच्या स्टेडियममध्ये जुन्या क्रिकेटपटूंची स्पर्धा झाली, सचिनला बघायला गर्दी लोटली होती, सगळ्यांना वाटलं संपलं सगळं. 9 एप्रिलच्या संध्याकाळी शहर पुन्हा बंद झालं ते मे अखेरपर्यंत. बूढातालाबजवळचं इनडोअर स्टेडियम, जिथे आमची पोरं बॅडमिंटन खेळायची, तिथे खाटा लागल्या होत्या. या खेपेला गटावर पावलांचे आकडे नव्हते, ऑक्सिजनचे होते. सत्त्याण्णव. पंच्याण्णव. त्र्याण्णव, ताई काय करू?

मी डॉक्टर नाही आणि तसं प्रत्येक वेळी सांगत होते. पण जे करता येण्यासारखं होतं ते माझ्याच विषयातलं होतं. नागपूरच्या नणंदेने महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने सांगितलेली सहा मिनिटांच्या चालण्याची चाचणी पाठवली. आधी बोटाला यंत्र लावून आकडा बघा, घरातल्या घरात सपाट फरशीवर सहा मिनिटं चाला, वय साठच्या वर असेल तर तीन मिनिटं, आणि परत बघा. आकडा त्र्याण्णवच्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त घसरला की दवाखाना. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने पालथं झोपायची पद्धत चित्रांसह दिली होती. मी ती मुलाला पालथं झोपवून दाखवली, एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांडीपर्यंत, दोन नडगीखाली. जन्मभर लोकांना उठा, उभं राहा, ताठ व्हा म्हणत आले. त्या महिन्यात मी फक्त पालथं कसं पडायचं ते शिकवलं.

एकाहत्तरच्या, आता बहात्तरच्या, आजी दवाखान्यातून परत आल्या तेव्हा त्यांना ते तीन गोळ्यांचं श्वासाचं खेळणं दिलं होतं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर चढवायच्या. पहिल्या दिवशी पहिली गोळी नुसती थरथरली. नात रोज व्हिडिओ पाठवायची. अकराव्या दिवशी दुसरी गोळी वर जाऊन क्षणभर थांबली, आणि आजींनी नळी बाजूला काढून कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आंतरशालेय स्पर्धांच्या बक्षीस समारंभातही पाहिलेलं नाही.

पोह्यांच्या वहिनींचे यजमान गेले. टाकीला रोज दहा हजार पावलांच्या प्रदक्षिणा घालणारे, साखर सोडलेले, चोपन्न वर्षांचे. व्यायामाने प्रतिकारशक्ती वाढते असं मी वर्गात शंभर वेळा सांगितलं असेल. ते चूक नाही, पण कुणाला वाचवण्याचं वचन त्यात नाही, हे मी सांगितलं नव्हतं. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी ते वाक्य वर्गात उच्चारत नाही. गुडघा वाकेल, झोप लागेल, पायरी चढताना धाप कमी लागेल, एवढंच सांगते.

दालन परत उघडलं तेव्हा बावीसपैकी तेरा जणी आल्या. काहींच्या घरची माणसं आता घरूनच काम करतात, त्यामुळे त्यांचा चार ते पाच कायमचा गेला. दोघींच्या सुना आल्या. वहिनी आठ महिन्यांनी आल्या, शेवटच्या ओळीत उभ्या राहतात, सहा सूर्यनमस्कार पूर्ण घालतात. थाळीवाल्या काकूंचा हात पुन्हा खांद्यापाशी अडकतो. मी म्हटलं, त्या दिवशी कसा गेला होता वर? म्हणाल्या, "तेव्हा थाळी होती ना हातात." आता मी त्यांना थाळी आणायला सांगितली आहे आणि त्या खरोखरच आणतात. गप्पांची पंधरा मिनिटं मी तासात धरली आहेत.

एप्रिल-मे मात्र आम्ही गच्चीवरच असतो. वेळ पहाटे साडेपाच, फी नाही. तात्यापाऱ्यात राहत असाल आणि आमच्या गच्चीवरून तुमची गच्ची दिसत असेल तर या. सतरंजी आपली आणावी, फोन घरी ठेवावा. घरी कुणी विचारलंच तर कुरडया घालायला चालले म्हणून सांगा. सोऱ्या नसेल तर माझ्याकडे दोन आहेत.